गिअरबॉक्स बांधला आणि आता टक् टक् येतेय? उघडायच्या आधी ठोके मोजा

दोन वर्षांमागे गणपतीच्या चवथीच्या आधी गाडी रस्त्यावर आणायचीच असं ठरवून मी माझ्या जुन्या मारुती ८०० चा गिअरबॉक्स घरच्या शेडमध्येच उघडला होता. तिसऱ्या गिअरचा दात गेलेला, त्याची नवीन जोडी टाकली, बेअरिंगं टाकली, सिंक्रो रिंगा (गिअर कर्र न होता बसावा म्हणून असतात त्या पितळी कड्या) टाकल्या, सगळं बंद केलं आणि गाडी चालली पण मस्त. चवथ झाली, पाहुणे गेले, आणि पंधरा दिवसांनी साखळीहून डिचोलीला येताना परत टक् टक् टक्. मला वाटलं परत तिसराच गेला, कारण आधी तोच गेला होता ना, आणि त्या रस्त्यावर मी बहुतेक वेळ तिसऱ्यातच असतो. म्हणून काही न तपासता तिसऱ्याची अजून एक जोडी मागवली, बॉक्स खाली काढला, उघडला, आणि तिसरा एकदम ठणठणीत! गेला होता डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाच्या, मोठ्या गिअरचा एक कोपरा. ती जोडी अजून कपाटात पडून आहे, कुणी घेत नाय.

तेव्हा नवीन लोकांसाठी लिहितोय. तुटलेला दात कुठल्या गिअरचा आहे हे बहुतेक वेळा बॉक्स खाली न काढता कळतं, फक्त थोडा धीर लागतो आणि मोजता यायला लागतं. आणि दात तुटणं हा आजार नसतो, तो आजाराचा परिणाम असतो, त्यामुळे नवीन गिअर टाकून कारण आतच ठेवलं तर महिन्याभरात परत तेच.

सगळ्यात आधी गाडी चालवणं बंद करा

आवाज "तसा बारीकच आहे" म्हणून लोक अजून आठवडाभर फिरवतात. तुटलेला तुकडा तेलात फिरत असतो, तो दुसऱ्या दोन दातांमध्ये गेला की ते दात जातात, किंवा थेट केसिंगला भोक पडतं, किंवा बॉक्स जाम होऊन चालत्या गाडीची पुढची चाकं लॉक होतात. चोर्ला घाटात उतारावर हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. टो करायची असेल तर मारुतीसारख्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीची पुढची चाकं उचलूनच न्या, कारण न्यूट्रलमध्येसुद्धा चाकाबरोबर डिफरन्शियल आणि आउटपुट शाफ्ट (बॉक्समधून चाकांकडे ताकद नेणारा दांडा) फिरतच असतात.

आवाज खरंच गिअरबॉक्सचाच आहे का

हे पटकन उरकतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट् कट् येत असेल तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट बघा. घुंऽऽ असा आवाज स्पीडबरोबर वाढतो आणि गाडी डावी-उजवी झुकवली की बदलतो, तर चाकाचं बेअरिंग. क्लच दाबला की खरखर सुरू होते, सोडला की बंद, तर रिलीज बेअरिंग. उलटं असेल, म्हणजे न्यूट्रलला उभ्या गाडीत आवाज येतो आणि क्लच दाबला की हळूहळू जातो, तर इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून ताकद घेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग किंवा त्याच्याबरोबर फिरणारं काहीतरी. बॉक्स नुकताच बसवलाय तर इंजिन माउंटिंगचे बोल्ट आणि सायलेन्सर कुठे टेकत नाही ना हे पण बघा, आमच्या मेस्तने (मेकॅनिकने) एकदा अख्खा दिवस गिअरबॉक्सला शिव्या घातल्या आणि शेवटी सापडली ती सायलेन्सरची सुटलेली क्लॅम्प.

तुटलेल्या दाताची ओळख एकच, ठोका ठराविक लयीत येतो. खरखर नाही, घुमणं नाही, एका फेरीला एक टक्. पुढचे गिअर हेलिकल म्हणजे तिरक्या दातांचे असतात, त्यात एका वेळी एकापेक्षा जास्त दात भार घेतात, म्हणून एक दात गेला तरी गाडी चालते आणि माणसाला वाटतं काही विशेष नाय. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सचे दात सरळ असतात, तिथे दात गेला तर चांगला झटका जाणवतो. पण अशा रिव्हर्सचा नुसता घूंऽऽ आवाज म्हणजे बिघाड नव्हे, तो सरळ दातांचा स्वभावच आहे.

रस्त्यावरची टेस्ट, पण चालायच्या वेगाने

आत्ताच म्हटलं चालवू नका, तर ही टेस्ट घराजवळ, दोनचार मिनिटं, आणि बॉक्स अडकल्यासारखा वाटला तर तीपण नाही. सड्यावरचा एखादा सपाट मोकळा रस्ता बघा जिथे गाड्या नसतात. ठोके मोजायला पहिल्या गिअरमध्ये वेग ताशी ५ किलोमीटर, जास्त नाही. का ते सांगतो. ८०० च्या १२ इंची टायरचा घेर साधारण १.६ मीटर, म्हणजे ताशी ५ ला चाक सेकंदाला एक फेरीसुद्धा पुरी करत नाही, आणि डिफरन्शियलचा मोठा गिअर सरळ रस्त्यावर चाकाच्याच वेगाने फिरतो. तेव्हा ठोका सेकंदाला एकापेक्षा थोडा कमी आला तर तो मोठा गिअर. आउटपुट शाफ्ट त्याच्या साधारण चौपट फिरतो, म्हणजे सेकंदाला साडेतीन-चार ठोके, हेपण कानाला मोजता येतात. तुम्ही ४० ला गेलात की हे सगळं मिसळून नुसती घर्रर्र होते आणि मग मोजणार काय, कपाळ?

मोबाईल कुणालातरी हातात द्या, रेकॉर्डिंग करा, आणि घरी येऊन शांतपणे ऐका. प्रत्येक गिअरमध्ये एकदा हलका एक्सलरेटर देऊन आणि एकदा पाय काढून, वरच्या गिअरमध्ये ताशी ५ ला इंजिन बंद पडेल, तिथे बंद न पडता जमेल तेवढ्या कमी वेगाने. फक्त एक्सलरेटरला ठोका येत असेल तर दाताची खेचणारी बाजू खराब, पाय काढल्यावर येत असेल तर मागची बाजू. दात मुळापासून गेला असेल तर सहसा दोन्हीकडे येतो.

आता कुठल्या गिअरमध्ये येतो त्यावरून:

एकाच गिअरमध्ये येतो, बाकी सगळे गप्प, तर त्याच गिअरची जोडी. बाकीच्या गिअरमध्ये पण ती जोडी आत फिरत असते बरं का, दात कायम एकमेकांत असतात, पण भार नसतो म्हणून आवाज नसतो किंवा अगदी बारीक टिक् असते.

सगळ्या गिअरमध्ये येतो आणि लय गाडीच्या स्पीडला बांधलेली आहे, तर डिफरन्शियलचा मोठा गिअर किंवा त्याला फिरवणारा छोटा पिनियन. माझ्या बाबतीत हेच होतं, दुसऱ्यात टाकून एकदा जरी ऐकलं असतं तरी कळलं असतं.

ओम्नी किंवा जिप्सीसारखी मागच्या चाकांची गाडी असेल तर अजून एक सोपी खूण आहे. तिथे चौथा गिअर डायरेक्ट असतो, म्हणजे ताकद सरळ इनपुटमधून मेन शाफ्टला जाते, खालचा ले शाफ्ट नुसता बिनभाराचा फिरतो. सगळ्या गिअरमध्ये ठोका आणि चौथ्यात गायब, तर इनपुटचा आणि ले शाफ्टचा कायम जोडलेला पहिला जोड बघा.

हाताने चाक फिरवून मोजणी, खरी मजा इथे आहे

गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. पुढचं एकच चाक जॅकने उचला आणि लगेच घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर हात घालायचा नाही, आणि पावसात शेडच्या बाहेर चिऱ्याच्या ओल्या मातीवर तर मुळीच नाही, जॅक आत जातो. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचा हँडब्रेक बहुतेक मागच्या चाकांवर असतो, त्यामुळे पुढचं चाक मोकळं फिरेल.

इथे एक गंमत लक्षात घ्या. दोन्ही पुढची चाकं हवेत असली आणि तुम्ही एकच फिरवलं तर गिअरमध्ये असताना दुसरं चाक उलटं फिरतं आणि मोठा गिअर जागेवरच बसतो, काहीच कळत नाही. म्हणून दुसरं चाक जमिनीवरच ठेवायचं. एक चाक अडवलेलं असलं की डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक २ फेऱ्या फिरतं तेव्हा मोठा गिअर १ फेरी फिरतो. हा हिशोब विसरलात की सगळी मोजणी दुप्पट किंवा निम्मी निघते.

टायरवर खडूने रेघ मारा. इग्निशन बंद, स्पार्क प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हाताने फिरेल. गाडी गिअरमध्ये टाका, क्लच सोडलेलाच. पहिल्यात फिरवायला जीव जातो, वरच्या गिअरमध्ये सोपं पडतं. इंजिन फिरवावं लागतं म्हणून दातांवर थोडा भार येतो आणि ठोका हाताला जाणवतो, एक माणूस चाक फिरवेल आणि दुसरा लांब स्क्रूड्रायव्हर केसिंगला टेकवून मूठ कानाला लावून ऐकेल. चाकाच्या १० फेऱ्या करा आणि ठोके मोजा.

समजा तुमच्या गाडीचा फायनल रेशो ४.२ आहे, म्हणजे मोठ्या गिअरच्या एका फेरीला आउटपुट शाफ्टच्या ४.२, आणि तिसरा गिअर १.४, म्हणजे आउटपुटच्या एका फेरीला इनपुटच्या १.४ (तुमच्या गाडीचे खरे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, अंदाज नको). चाकाच्या १० फेऱ्या म्हणजे मोठ्या गिअरच्या ५, आउटपुट शाफ्टच्या २१, आणि तिसऱ्यात असताना इनपुट शाफ्टच्या साधारण २९. आता तुम्ही मोजलेत ५ ठोके, तर मोठा गिअर. २१ आले आणि दुसऱ्या गिअरमध्ये टाकूनपण २१ च आले, तर आउटपुट शाफ्टवरचा पिनियन. २१ फक्त तिसऱ्यात, तर तिसऱ्याचा आउटपुटवरचा गिअर. २९ आले तर तिसऱ्याचाच, पण इनपुटवरचा जोडीदार. मधलाच काहीतरी आकडा आला तर परत मोजा, पहिल्यांदा सगळ्यांचंच चुकतं, मी एकदा १७ मोजले होते आणि ते कशाचेच नव्हते, मी मध्येच चहाला उठलो होतो.

मग न्यूट्रलला टाकून फिरवा. तिथेपण ठोका आला तर आधी डिफरन्शियल आणि आउटपुट शाफ्टची बाजू बघायची.

तेल सोडा आणि तेलाला बोलू द्या

तेल थोडं कोमट असताना स्टीलच्या पसरट परातीत सोडा, आणि जुन्या बनियनच्या फडक्यातून गाळा. फडकं फेकू नका. ड्रेन प्लगला मॅग्नेट असेल तर त्यावरचा कीस बोटांवर घेऊन चोळा.

राखाडी, मऊ, मलमासारखा थर म्हणजे नवीन भाग एकमेकांना बसतायत, बॉक्स नवीन बांधला की थोडा येतोच, घाबरू नका. पिवळसर चमक दिसतेय पण मॅग्नेटला चिकटत नाही, ती पितळेची, म्हणजे सिंक्रो रिंग झिजतेय. पांढुरकी आणि न चिकटणारी म्हणजे अॅल्युमिनिअम, केसिंग किंवा काही बॉक्समध्ये शिफ्टिंग फोर्क (गिअर सरकवणारा काटा). पातळ वाकडी पट्टी निघाली तर बेअरिंगचा पिंजरा किंवा सर्कलिपचा (भाग जागेवर धरणाऱ्या, खाचेत बसणाऱ्या कडीचा) तुकडा. तेल दुधी झालं असेल तर पाणी गेलंय, पावसाळ्यात भरलेल्या रस्त्यातून गरम बॉक्स घेऊन गेलात की तो थंड होताना ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) पाणी ओढतो.

तुकडे निघाले तर नीट बघा. जाडसर तुकडा, एक बाजू घासून चकचकीत, दुसरी खरबरीत, हा मुख्य दाताचा. छोटा, टोकदार, घराच्या छपरासारख्या आकाराचा निघाला तर तो डॉग टीथचा, म्हणजे सिंक्रोच्या बाजूला जे बारीक दात असतात त्यांचा. हे दोन वेगळे रोग आहेत. डॉग टीथ गेले तर गिअर टाकताना कर्र होतं किंवा गिअर उडून न्यूट्रलला येतो, टक् टक् सहसा येत नाही.

ऑनलाइन मिळणारा मोबाईलचा एंडोस्कोप असेल तर रिव्हर्स लाइटचा स्विच काढा आणि त्या भोकातून आत सोडा, चाक हळूहळू फिरवत बघा. सगळं दिसणार नाही, पण तुटलेला दात नशिबाने समोर आला तर पैसे वसूल.

उघडल्यावर लगेच धुवायला घेऊ नका

इथे सगळे नवशिके एकच चूक करतात, उघडलं की रॉकेल ओतून ब्रश मारायला लागतात. पुरावा धुतला जातो. आधी फोटो काढा, तुकडे कुठे सापडले ते लिहा, आणि मग सगळे तुकडे तुटलेल्या जागी लावून बघा, फुटलेली कपबशी जुळवतात तसं. एकपण तुकडा कमी असेल तर तो सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. बेअरिंगच्या मागे, तेलाच्या खाचेत, डिफरन्शियलच्या खाली. माझा पहिल्या वेळचा तिसऱ्याचा तुकडा तिथेच, डिफरन्शियलखालच्या खोबणीत मळात रुतून बसला होता, मी धुताना वरवर ब्रश मारला आणि मोजलंच नाही. पंधरा दिवसांनी तो सुटला आणि पिनियनखाली गेला. दोष दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच.

मग तुटलेली जागा भिंगातून बघा, मोबाईलचा झूमपण चालतो. खायच्या तिसऱ्यांच्या शिंपल्यावर जशा एकात एक रेषा असतात तशा रेषा दिसल्या आणि एका बाजूला भाग गुळगुळीत झालेला असला, तर दात हळूहळू तडकत गेला, एका दिवसात नाही. बांधून थोडेच किलोमीटर झाले असताना असा दात निघाला तर बहुतेक वेळा तड आधीपासूनच होती आणि तुम्ही जुना गिअर "दिसायला चांगला" म्हणून परत घातलात. पूर्ण जागा दाणेदार, फोडलेल्या खडीसाखरेसारखी असेल तर एका फटक्यात गेला: मध्ये काहीतरी अडकलं, क्लच धाडकन सोडला, किंवा दोन गिअर एकदम लागले. दोन गिअर एकदम लागायचं कारण म्हणजे फोर्कच्या दांड्यांमधली इंटरलॉकची पिन किंवा गोळी घालायची राहिली, बॉक्स बांधल्यावर टेबलावर एक छोटी गोळी उरली होती का ते आठवा!

फक्त दाताचं टोक किंवा कोपरा गेला असेल तर भार सगळा एका कडेला येत असणार. हे बघायची जुनी युक्ती शेंदूर. शेंदूर थोड्या तेलात कालवून पाचसहा दातांना पातळ लावा, शाफ्ट जागेवर बसवून फिरवा, जोडीदाराच्या दातावर छाप कुठे उमटते ते बघा. मधोमध, लांबट उमटली तर ठीक. एका कडेलाच उमटली तर शाफ्ट तिरका: बेअरिंग पूर्ण बसलेलं नाही, शिम (फट भरायची पातळ चकती) चुकीची, किंवा सर्कलिप खाचेत गेलेली नाही. शेंदरात शिसं असतं, हात साबणाने धुतल्याशिवाय जेवायला बसू नका, घरी विचारलं तर देवघरातला नाही म्हणून सांगा. लिपस्टिकपण चालते पण मग तुमचं तुम्ही बघा.

रिव्हर्सच्या दातांची फक्त तोंडं गोल होऊन चिरफाळली असतील तर बॉक्स बांधण्यात चूक नसेलही. गाडी पूर्ण न थांबता रिव्हर्स टाकला जातोय किंवा क्लच पूर्ण सुटत नाही.

नवीन भाग घेताना

जोडीच घ्या. भंगारअड्ड्यावर एकटा गिअर स्वस्तात मिळतो आणि मोह होतो, पण कारण असं की दातांच्या संख्या बहुतेक वेळा मुद्दाम अशा ठेवलेल्या असतात की दोन्हींना एकाच आकड्याने भाग जात नाही, समजा २३ आणि ३२. त्यामुळे तुटलेला दात फिरत फिरत समोरच्या प्रत्येक दाताला येऊन ठोकतो. एका बाजूचा एक दात गेला तरी समोरचे सगळेच मार खाल्लेले असतात. आणि घेण्याआधी दुकानातच दात मोजा, एकाच मॉडेलच्या वेगळ्या वर्षांच्या गाड्यांत संख्या बदललेली असू शकते.

जे जुने गिअर परत घालणार त्यांची तड तपासायची घरगुती पद्धत: रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा, कोरडे पुसा, वर खडूची पूड चोळा. तड असेल तर आतलं रॉकेल वर येऊन पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. दाताच्या मुळाशी खास बघा. आणि आपल्याकडे जूनमध्ये शाफ्ट उघडा ठेवलात तर एका रात्रीत गंज धरतो, आणि दाताच्या मुळाशी गंजाने पडलेला बारीक खड्डाच पुढे तड सुरू करतो, म्हणून पार्ट यायला वेळ असेल तर सगळं तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळा.

बंद करायच्या आधी

बॉक्स टेबलावर असतानाच प्रत्येक गिअर लावून हाताने फिरवा, आणि पाचसहा फेऱ्यांत समाधान मानू नका. २३ आणि ३२ ची जोडी असेल तर २३ वाला ३२ वेळा फिरला की मगच प्रत्येक दात प्रत्येकाला भेटून होतो. कंटाळवाणं आहे, रेडिओ लावा. बसवताना इनपुट शाफ्टवर बॉक्सचं वजन लटकू देऊ नका आणि बोल्ट आवळून बॉक्स इंजिनकडे ओढून घेऊ नका, हाताने सरकून टेकला पाहिजे, नाही टेकला तर क्लच प्लेट मधोमध नाही.

तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. जीएल-४ (गिअर तेलाचा दर्जा, डब्यावर लिहिलेला असतो) सांगितलंय तिथे "जास्त भारी" म्हणून जीएल-५ ओतू नका, काही जीएल-५ तेलं पितळी सिंक्रोला चालत नाहीत.

पहिलं तेल मी ३०० किलोमीटरलाच सोडतो, महाग वाटलं तरी. परात तीच, बनियनचं फडकं तेच, आणि मागच्या वेळचा ड्रेन प्लगचा फोटो मोबाईलमध्ये शेजारी उघडून ठेवतो. मऊ राखाडी थर आधीपेक्षा कमी दिसला तर प्लग आवळायचा. बोटाला टोचेल असा एक जरी कण मिळाला तर गाडी घोडीवरून खाली उतरवायची नाही, खडू घेऊन परत चाकापाशी बसायचं.